ओल्या चाकाचे कोडे

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम कडेला नाणेघाट आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कोकणच्या बंदरांतील माल याच वाटेने वर जुन्नरला येई आणि देशावरचा माल खाली कोकणात उतरे. घाटमाथ्यावरचा तो मोठा दगडी रांजण तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिलाही असेल. त्या काळी पाठीवर ओझे लादलेला बैल उतारावर स्वतःच पाय रोवून वेग आवरत असे. त्याला ब्रेकची गरज नव्हती.

आज नारायणगावच्या बाजारातील टोमॅटो, ओतूरचा कांदा आणि आंबेगाव तालुक्यातील भाजीपाला यांतला बराच माल मोटारीने माळशेज घाट उतरून कल्याण-मुंबईकडे जातो. त्यासाठी लहान टपाच्या पिकअप गाड्या रात्रंदिवस धावत असतात. माल घाटावर चढवायचा तर इंजिन दमदार हवे. पण माल आणि माणसे सुखरूप खाली उतरवायची तर ब्रेकच हवा! अशाच एका जुन्या पिकअपच्या मागच्या ब्रेकची ही हकिगत आहे. गाडी माझ्या मामांची. तिचा मागचा डावा ब्रेक एका वर्षात तीनदा दुरुस्त झाला आणि तीनदा पुन्हा बिघडला. असे का बरे व्हावे?

ड्रमच्या आत काय असते?

या पिकअपला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे बिडाचे पसरट भांडे. त्याच्या आत, न फिरणाऱ्या तबकडीवर, अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू बसवलेले असतात. शूच्या बाहेरच्या अंगाला खरखरीत अस्तर असते. त्याला मिस्त्री लोक 'लायनर' म्हणतात. दोन्ही शूंच्या वरच्या टोकांमध्ये व्हील सिलिंडर असतो आणि खालची टोके एका खुंटीला टेकलेली असतात.

चालकाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब पडतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहात. तो दाब नळ्यांतून व्हील सिलिंडरपर्यंत जातो, तेथील दट्टे बाहेर सरकतात, शू फाकतात आणि लायनर ड्रमच्या आतल्या अंगावर घासू लागतो. पेडल सोडले की स्प्रिंगा शूंना परत आत ओढून घेतात.

येथे एक गंमत आहे. दाराखाली पाचर सरकवली आणि दार वाऱ्याने ढकलले गेले, तर पाचर आणखीच घट्ट बसते. ड्रममध्येही असेच घडते. गाडी पुढे जात असताना पुढच्या शूजवळून ड्रम सिलिंडरकडून खुंटीकडे फिरत असतो. त्यामुळे घर्षणाचे बलच त्या शूला ड्रमवर अधिक दाबते. ब्रेक जणू स्वतःच स्वतःला मदत करतो! म्हणून ड्रम ब्रेकला थोड्या जोरात पुष्कळ काम करता येते.

पण याच गुणात एक दोषही लपलेला आहे. घर्षण वाढले की दाब वाढतो आणि दाब वाढला की रोधक बल आणखी वाढते. उलट, लायनरवर थोडे तेल आले आणि घर्षण जरासे कमी झाले, तर ही मदतही आटते व ब्रेकचे बल फारच खाली येते. एका बाजूचा ड्रम कोरडा आणि दुसऱ्या बाजूचा तेलकट असला, की दोन्ही चाकांच्या बलांत मोठी तफावत पडते.

मामांच्या गाडीत नेमके हेच होत होते. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढली जाई. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणजे गाडी ओढली जाई ती समोरून येणाऱ्या वाहनांच्या अंगावर! मामांनी घाटाची भाडी घेणेच बंद केले होते, आणि टोमॅटोचा हंगाम तर तोंडावर आला होता.

घाटात ब्रेकवर किती भार पडतो?

जरा हिशेब करू. गाडीचे वजन, वर ६० क्रेट टोमॅटो आणि दोन माणसे मिळून एकूण वस्तुमान २,८०० किलोग्रॅम धरू. (एका क्रेटमध्ये सुमारे २० किलो टोमॅटो मावतात.) गाडी ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ३ लाख ९० हजार ज्यूल भरते. गाडी थांबवायची म्हणजे ही ऊर्जा कुठेतरी गेली पाहिजे. ऊर्जा नष्ट होत नाही. ब्रेक तिची उष्णता करतो. एवढ्या उष्णतेने ३० अंश सेल्सिअसचे सव्वा लिटरहून थोडे अधिक पाणी उकळीला येईल. म्हणजे घरातल्या सगळ्यांचा चहा होईल.

आता घाट घ्या. समजा, गाडी ५०० मीटर उंची उतरली आणि तिचा वेग मात्र कायम राहिला. तिची स्थितिज ऊर्जा २,८०० × ९.८ × ५००, म्हणजे सुमारे १ कोटी ३७ लाख ज्यूलने कमी झाली. ती सगळी ब्रेकवरच सोपवली, तर होणाऱ्या उष्णतेने सुमारे ४६ लिटर पाणी उकळेल. चहाच्या भांड्यावरून आपण एकदम तीन मोठ्या हंड्यांवर आलो!

तापलेला ड्रम प्रसरण पावतो. २८० मिलिमीटर व्यासाचा बिडाचा ड्रम २०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. शूला तेवढे जास्त अंतर सरकावे लागते आणि पेडल खोल जाऊ लागते. फार तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. शिवाय ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. 'डॉट ३' प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे. पण ठरावीक प्रमाणात पाणी मुरलेल्या त्याच ऑइलसाठी हा आकडा १४० अंशांवर येतो. ऑइल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पेडल नुसतेच खाली जाते आणि ब्रेक मात्र लागत नाही. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, असे जुने चालक सांगतात ते याचसाठी. मग वेग आवरण्याचे बरेचसे काम इंजिन करते आणि ब्रेक थंड राहतो.

अशा कामात मागचे एक चाक कामचुकार निघाले, तर उरलेल्या तीन चाकांवर भार पडतो. मोकळ्या गाडीत मागच्या चाकांवर वजन कमी असते, तेव्हा हे फारसे जाणवत नाही. भरलेल्या गाडीत मात्र मागच्या ब्रेकचा वाटा मोठा असतो. म्हणूनच मोकळी गाडी गावात चालवून 'ब्रेक ठीक आहे' असा निर्वाळा देणे धोक्याचे.

तीन दुरुस्त्या आणि एक वही

पहिल्या वेळी मिस्त्रींनी ड्रम उघडला. लायनर तेलाने चिंब भिजला होता. त्यांनी नवा लायनर बसवला आणि गाडी छान चालू लागली. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा तेच! दुसऱ्या मिस्त्रींनी सांगितले, "व्हील सिलिंडर गळतोय." नवा सिलिंडर बसला, भिजलेला लायनरही बदलला. गाडी पुन्हा ठीक झाली आणि काही आठवड्यांनी पुन्हा बिघडली. तिसऱ्या वेळी चाकाजवळचे ऑइल सील बदलले आणि पुन्हा नवा लायनर बसला. या वेळी तीन महिने गेले.

चौथ्या खेपेला मामा गाडी घेऊन आंबेगाव तालुक्यातील एका वयस्क मिस्त्रींकडे गेले. मी बरोबर होतो आणि इयत्ता नववीत शिकणारी मामांची नातही होती. मामा खर्चाची वही बाळगतात. ती वही चाळता चाळता नात म्हणाली, "आजोबा, तिन्ही वेळेला लायनर नवाच होता की! मग गाडी सुधारली ती लायनरमुळे, का दुसऱ्या वस्तूमुळे, हे कळणार कसं?"

मिस्त्री हसून म्हणाले, "पोरी, अगदी मुद्द्याचं बोललीस. कोरडा लायनर बसवला की ब्रेक लागणारच. तेल यायचं थांबलं का, ते मात्र कुणी बघितलं नाही."

विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट नीट लक्षात घ्या. दुरुस्तीनंतर यंत्र सुधारले, एवढ्यावरून बिघाडाचे कारण सापडले असे सिद्ध होत नाही. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि बाकीच्या तशाच ठेवतो, ते याच कारणासाठी. येथे दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी दोन गोष्टी एकदम बदलल्या गेल्या होत्या आणि श्रेय मात्र भलतीला मिळत होते.

तेल कोणते?

मागच्या चाकाच्या ड्रममध्ये तेल दोन ठिकाणांहून येऊ शकते. एक, व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल. दुसरे, मागच्या ॲक्सलमधून गिअर ऑइल. ॲक्सलच्या मधोमध डिफरेन्शियलचे दंतचक्र असते. त्याला लागणारे घट्ट तेल आडव्या नळीतून चाकापर्यंत पोचू नये, म्हणून टोकाला रबरी ओठाचे ऑइल सील बसवतात.

मिस्त्रींनी काचेच्या पेल्यात पाणी घेतले. ड्रममधील तेलाचे चार थेंब काडीने त्यात सोडले. थेंब वर तरंगत राहिले. मग दुसऱ्या पेल्यात डब्यातील ब्रेक ऑइलचे चार थेंब टाकले. ते पाण्यात मिसळून दिसेनासे झाले. गाड्यांत सहसा वापरले जाणारे 'डॉट ३' व 'डॉट ४' प्रतीचे ब्रेक ऑइल पाण्यात विरघळते. गिअर ऑइल हे खनिज तेल असल्याने विरघळत नाही. शिवाय गिअर ऑइलला गंधकयुक्त संयुगांचा उग्र वास असतो. चार थेंबांनी निकाल लागला: व्हील सिलिंडर निर्दोष होता, तेल ॲक्सलमधून येत होते.

मग नवे सीलसुद्धा का गळावे? आणि दर वेळी डावीकडेच का?

छोट्या नळीचे मोठे काम

मिस्त्री गाडीखाली गेले. ॲक्सलच्या वरच्या अंगाला, मध्याजवळ, बोटाच्या पेराएवढी एक टोपी होती. तिला 'ब्रीदर' म्हणतात. ॲक्सलने श्वास घेण्याचे ते नाक म्हणा ना! मामांची गाडी माल भरायला थेट शेतात जाते. पाटाच्या कडेची काळी माती उडून त्या टोपीवर बसली होती आणि वाळून दगडासारखी झाली होती. गाडी नुकतीच दहा-बारा किलोमीटर चालून आलेली, ॲक्सल गरम. मिस्त्रींनी पान्याने ब्रीदर सैल केला मात्र, 'फुस्स' असा आवाज झाला.

त्या आवाजात कोड्याचे उत्तर होते. बंद भांड्यातील हवा तापली की तिचा दाब केवल तापमानाच्या प्रमाणात वाढतो. सकाळी ॲक्सल २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० केल्विनला आहे असे समजा. चालून चालून तो ८७ अंशांना, म्हणजे ३६० केल्विनला पोचला. ३६० भागिले ३०० म्हणजे १.२. आतला दाब एक पंचमांशाने वाढला. हा जादा दाब सुमारे दोन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका होतो. ऑइल सील तेल अडवण्यासाठी असते. सतत असा दाब सोसत राहणे हे त्याचे काम नव्हे. ब्रीदर मोकळा असता, तर तापलेली हवा त्यातून निघून गेली असती. तो बंद झाल्यावर हवेने सीलच्या ओठाखालून वाट काढली आणि जाताना तेलही बरोबर नेले. नवे सील काही आठवडे टिके, मग तेही हार खाई.

आणि डावीकडेच का? पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता बांधतात. आपण डावीकडून चालत असल्यामुळे गाडीचे डावे चाक बहुतेक वेळ किंचित खाली असते. ॲक्सलमधील तेलही त्या बाजूला कलते. दाबाला डावीकडे तेल तयारच मिळे!

ब्रीदर बुजल्याचा आणखी एक तोटा आहे. गरम ॲक्सल ओढ्याच्या पाण्यात उतरला की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते. ब्रीदरमधून हवा येत नसेल, तर सीलच्या फटीतून बाहेरचे पाणी आत खेचले जाते. तेल ताकासारखे पांढरट दिसू लागले, की समजावे पाणी शिरले आहे.

दुरुस्ती आणि तिची परीक्षा

मिस्त्रींनी ब्रीदर काढून, धुऊन, फुंकर मारून तो मोकळा असल्याची खात्री केली. ॲक्सलमधील तेलाची पातळी तपासली. ती जास्त असली तरी गळती होते. सील नवे बसवले, पण त्याआधी सील जेथे घासते तेथे खाच पडली नाही ना, हे नखाने चाचपून पाहिले. ड्रम धुऊन कोरडा केला. तेल मुरलेला लायनर धुऊन पुन्हा वापरला नाही, कारण तापल्यावर मुरलेले तेल पुन्हा बाहेर येते. आणि लायनर दोन्ही चाकांचे एकदमच बदलले, म्हणजे दोन्हीकडची पकड सारखी राहते.

मग ते म्हणाले, "भाऊ, आता लगेच 'झालं' म्हणू नका. एका महिन्यानं ड्रम उघडून दाखवा. पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा." महिन्याने ड्रम उघडला तेव्हा आत फक्त कोरडी धूळ होती. पावसाळ्यानंतरही तसेच. तेव्हा कुठे नातीने वहीत लिहिले: 'कारण: ब्रीदर.'

मागच्या ड्रम ब्रेकची प्रत्येक तक्रार ब्रीदरमुळेच असते, असे मात्र समजू नका. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल तर नळीत हवा शिरलेली असते. पेडल खोल जात असेल, तर लायनर झिजून शू व ड्रम यांतील अंतर वाढलेले असू शकते. एकच चाक हात लावू नये इतके तापत असेल, तर हँडब्रेकची केबल गंजून अडकली आहे किंवा शूची स्प्रिंग सैल पडली आहे, असा संशय घ्यावा. ब्रेक दाबताना पेडल पायाखाली थरथरत असेल, तर ड्रमचा गोल आकार बिघडलेला असतो. प्रत्येक लक्षणामागे एकाहून अधिक कारणे असू शकतात. म्हणूनच 'काय बदलायचे?' या प्रश्नाआधी 'हे कुठून आले?' हा प्रश्न विचारावा लागतो.

एक सावधगिरीची सूचना. ब्रेक स्वतः उघडू नका. ते जाणत्या मिस्त्रींचे काम आहे. ते पाहायला गेलात, तरी ड्रममधील धुळीवर फुंकर मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात आणि ते फुप्फुसांना फार घातक असतात. धूळ ओल्या फडक्यानेच पुसावी. ब्रेक ऑइलही विषारी असते आणि ते गाडीचा रंग उडवते.

करून पाहा

१. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तोंडावर फुगा ओढून बसवा. बाटली कोमट पाण्यात, मग थंड पाण्यात धरा. फुगा काय करतो? आता फुग्याला सुईने बारीक भोक पाडून तोच प्रयोग पुन्हा करा. ब्रीदरचे काम तुमच्या ध्यानात येईल.

२. लहान व मोठी अशा सुई नसलेल्या दोन पिचकाऱ्या पाण्याने भरून नळीने जोडा. मोठीच्या दट्ट्याचा व्यास लहानीच्या दुप्पट असेल, तर बल किती पट होईल? दट्टा किती सरकेल?

३. घरातील किंवा शेजारची एखादी वस्तू वारंवार बिघडत असेल, मग तो पंप असो, सायकल असो वा विजेचा दिवा, तर तिच्यासाठी एक वही घाला. तारीख, लक्षण, काय काय बदलले आणि नंतर काय झाले, असे चार रकाने आखा. दोन गोष्टी एकदम बदलल्या असतील, तर त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह करा.

मामांची गाडी आता टोमॅटो घेऊन माळशेज उतरते. दर महिन्याला गाडी धुतली की नात त्या छोट्या टोपीवरची माती काडीने काढते आणि वहीत तारीख घालते.